मजकुराच्या रकान्यांवर फॅसेट बसवताना

शोधाच्या पानावर कडेला 'विषय', 'लेखक', 'भाषा' अशा शीर्षकांखाली पर्यायांची यादी असते आणि प्रत्येक पर्यायापुढे कंसात एक आकडा असतो. 'जलसंधारण (१२८)'. त्यावर टिचकी मारली की निकाल तेवढ्यापुरता आकसतो. या सोयीला फॅसेटेड सर्च म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक बाजूला फॅसेट. यादी दिसायला साधी, पण कंसातला आकडा हा वाचकाला दिलेला शब्द असतो: इथे टिचकी मारा, एकशे अठ्ठावीस कागदपत्रं मिळतील. एकशे सत्तावीस मिळाली तरी शब्द मोडला. एका दस्तऐवज-संग्रहाच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये ही सोय उभी करण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पानाची रचना, रंग, चौकटी यांना लागला त्याच्या कितीतरी पट वेळ हा एक आकडा खरा ठेवण्यात गेला.

संग्रहात अहवाल, लेख, पुस्तिका, जुन्या नियतकालिकांचे अंक अशी काही लाख कागदपत्रं. प्रत्येकाला शीर्षक, सारांश, लेखक, विषय, प्रकाशक, भाषा आणि वर्ष असे रकाने. वर्षावर फॅसेट बसवायला फारसं काही लागत नाही. २०१४ हे सगळीकडे २०१४च असतं. बाकीचे रकाने मजकुराचे होते, आणि ते अनेकांनी अनेक वर्षांत आपापल्या सवयीने भरलेले होते.

पहिली आवृत्ती पोस्टग्रेस या डेटाबेसवरच चालत होती. शोधासाठी टीएसव्हेक्टर (मजकुरातल्या शब्दांची शोधायोग्य यादी) आणि त्यावर जिन इंडेक्स (शब्दावरून नोंद झटकन सापडवणारी सूची), मोजणीसाठी साधं ग्रुप बाय (सारख्या मूल्यांचे गट करून मोजणं). नोंदी काही हजारांत असतील तर मी आजही कुणालाही हेच सुचवेन. वेगळं शोधइंजिन सांभाळणं हे स्वतंत्र काम आहे आणि गरज नसताना ते अंगावर घेऊ नये. आमच्याकडे मात्र एखादा सर्वसाधारण शब्द शोधला की लाखभर नोंदी जुळायच्या, आणि त्या सगळ्यांवरून प्रत्येक फॅसेटसाठी वेगळी मोजणी करायला डेटाबेसला दम लागायचा. म्हणून आम्ही इलॅस्टिकसर्च या शोधइंजिनकडे वळलो. पुढे जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं सोलर किंवा ओपनसर्च ही इंजिनं वापरणाऱ्यालाही लागू पडेल, कारण तिघांच्याही पोटात ल्युसीन हीच लायब्ररी आहे.

विषयाच्या रकान्यावर टर्म्स ॲग्रिगेशन, म्हणजे कोणतं मूल्य किती कागदपत्रांत आहे याची मोजणी, मागितलं की इलॅस्टिकसर्च सरळ नकार देतं: मजकूर प्रकारच्या रकान्यावर हे काम बंद ठेवलं आहे, कीवर्ड रकाना (मूल्य न तोडता ठेवणारा) वापरा. पुष्कळ जण इथे वैतागतात आणि नेटवर सापडलेली फील्डडेटा चालू करण्याची ओळ चिकटवून मोकळे होतात. हा नकार का आहे हे समजून घेण्यासारखं आहे. शोधासाठी बांधलेला उलटा इंडेक्स 'या शब्दापासून कोणत्या कागदपत्रांकडे' हे झटकन सांगतो. फॅसेटला नेमकं विरुद्ध लागतं: 'या कागदपत्रात कोणतं मूल्य'. त्यासाठी डॉक व्हॅल्यूज नावाची स्तंभवार रचना डिस्कवर ठेवलेली असते. ती कीवर्ड, संख्या, तारीख अशा प्रकारांना मिळते, मजकूर प्रकाराला मिळत नाही. फील्डडेटा चालू केला तर तीच माहिती उलट्या इंडेक्सवरून उकलून थेट जावाच्या हीप मेमरीत भरली जाते, आणि रकाना मोठा असेल तर सर्व्हर गुदमरतो.

मेमरी भरपूर आहे असं धरलं तरी हाती जे येतं ते निरुपयोगी असतं. मजकूर रकान्यातलं मूल्य अ‍ॅनालायझरमधून, म्हणजे मजकुराचे शब्द सुटे करणाऱ्या भागातून, जातं आणि त्याचे टोकन म्हणजे सुटे तुकडे होतात. 'पाणी आणि मृदा व्यवस्थापन' या एका विषयाचे चार तुकडे पडतात आणि फॅसेटच्या यादीत 'आणि' सर्वांत वर जाऊन बसतो, कारण तो सगळ्यात जास्त कागदपत्रांत आहे. वाचकाला विषय हवा असतो, त्याला आपण विषयाच्या नावातले सुटे शब्द देतो.

तेव्हा एकाच रकान्याला दोन रूपं द्यावी लागतात. शोधायला तुकडे केलेलं रूप, मोजायला अखंड रूप. इलॅस्टिकसर्चच्या ५.० आवृत्तीने २०१६ साली जुन्या स्ट्रिंग प्रकाराची फाळणी करून टेक्स्ट आणि कीवर्ड असे दोन प्रकार केले ते याचसाठी. मल्टी-फील्ड लिहिलं की एकच मूल्य दोन्ही प्रकारे साठतं. सोलरमध्ये हेच काम कॉपीफील्डने स्ट्रिंग प्रकारच्या रकान्यात प्रत टाकून होतं. मॅपिंग (कोणता रकाना कोणत्या प्रकारचा याची नोंद) हाताने लिहावं, आपोआप बनू देऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. आपोआप बनलेल्या मॅपिंगमध्ये कीवर्ड उपरकान्याला २५६ अक्षरांची मर्यादा लागते आणि त्याहून लांब मूल्य मोजणीत येतच नाही. कुठे चूक दिसत नाही, इशारा येत नाही. कागदपत्र शोधात सापडतं, फक्त फॅसेटमधून गायब असतं. आमच्या काही जुन्या अहवालांच्या प्रकाशकाच्या रकान्यात विभाग, उपविभाग, पत्ता असं सगळं एका दमात लिहिलेलं होतं, आणि तेवढेच अहवाल मोजणीतून गळत होते.

दोन्ही रूपं तयार झाली, फॅसेट दिसू लागले, आणि मग मजकुराचा खरा स्वभाव समोर आला.

विषयांच्या यादीत 'शेतकऱ्यांचे प्रश्न' तीनदा आलं, तीन वेगवेगळ्या आकड्यांसह. डोळ्यांना तिन्ही सारखेच. संगणकाला तिन्ही वेगळे, कारण 'ऱ्य' हे जोडाक्षर टंकण्याच्या अनेक पद्धती आहेत. कुणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त आणि 'य' लावतो. कुणी 'र', हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक नावाचं अदृश्य चिन्ह आणि मग 'य' असं टंकतो. जुन्या कीबोर्डांवर हीच पद्धत रूढ होती. कुणाच्या मजकुरात 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) असे दोन संकेतांक (संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) येतात. या तिसऱ्या रूपाचा प्रश्न युनिकोड या अक्षरसंकेतप्रणालीचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याचा प्रमाण नियम) सोडवतं: 'र' अधिक नुक्ता यांचं ते 'ऱ' करतं. दुसऱ्या रूपाबद्दल एनएफसी काहीच करत नाही.

इथे अदृश्य चिन्हं सरसकट पुसून टाकण्याचा मोह होतो. पुसली तर 'शेतकऱ्यांचे'चं 'शेतकर्यांचे' होतं, म्हणजे रफार 'य'च्या डोक्यावर चढतो, आणि तीन रूपांऐवजी दोन रूपं उरतात. त्यातलं एक तर अशुद्धच. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी 'र, हलन्त, जोडक' या त्रिकुटाचं 'ऱ, हलन्त' करायचं, मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. इलॅस्टिकसर्चच्या आयसीयू या युनिकोडसाठीच्या प्लगइनमधला नॉर्मलायझर मूळ सेटिंगवर ठेवला तर तो एनएफकेसी केसफोल्ड (रोमन अक्षरंही लहान करणारं, अधिक सैल सामान्यीकरण) लावतो आणि त्यात हे जोडक आपोआप पुसले जातात, त्यामुळे आपला बदल त्याच्या आधीच व्हायला हवा. देवनागरीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने एवढी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी असं मला वाटतं.

'ॲ'चीही हीच तऱ्हा. एक स्वतंत्र संकेतांक आहे, 'अ' वर चंद्र देऊन केलेलं दोन संकेतांकांचं रूप आहे, आणि मधे जोडक घातलेलं तिसरंही आहे. यांच्यात युनिकोडने समानता ठरवलेली नाही, त्यामुळे कुठलंही प्रमाण सामान्यीकरण त्यांना एकत्र आणत नाही; बदलाची ओळ स्वतःच लिहावी लागते. विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकलेला 'दु:ख' आणि विसर्ग असलेला 'दुःख' हेही असेच वेगळे पडतात. दोन शब्दांमधल्या दुहेरी जागा, शेवटी राहिलेली जागा, वर्डमधून चिकटवताना आलेली न तुटणारी जागा, हे सगळं याच वर्गातलं.

कुणी म्हणेल, इलॅस्टिकसर्चमध्ये तयार हिंदी अ‍ॅनालायझर आहे, तो लावा. मराठीसाठी त्यात तयार अ‍ॅनालायझर नाही, त्यामुळे हा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. पण हिंदी नॉर्मलायझेशन ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काढून टाकतं, हलन्त काढतं, नुक्ता काढतं. 'दिन' आणि 'दीन' त्याच्या लेखी एकच. शोधाच्या बाजूला हा सैलपणा चालतो, किंबहुना हवासा असतो. वाचकाने वेलांटी चुकवली तरी त्याला कागदपत्र मिळावं. मोजणीच्या बाजूला तो घातक आहे, कारण तिथे दोन वेगळ्या विषयांची बेरीज होऊन एक खोटा आकडा उभा राहतो. म्हणून शोधाच्या रूपावर सैल नियम आणि फॅसेटच्या रूपावर फक्त तेवढेच नियम ज्यांनी अर्थ बदलत नाही, अशी आम्ही सीमा आखली. शंका आली की फॅसेटच्या बाजूला नियम लावायचा नाही, ती जोडी माणसाकडे पाठवायची.

आणखी एक बारकावा. कीवर्ड रकान्यावर नॉर्मलायझर लावला की ॲग्रिगेशनमधून मूळ नव्हे तर सामान्यीकृत मूल्य परत येतं. रोमन लिपीतली सगळी नावं लहान अक्षरांत उतरतात आणि पानावर तशीच दिसतात. यातून मार्ग काढताना एक मोठा निर्णय झाला, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला तोच सर्वांत फायद्याचा ठरला: फॅसेटच्या रकान्यात मजकूर ठेवायचाच नाही. विषयांची एक स्वतंत्र सारणी केली, प्रत्येक विषयाला एक ओळखक्रमांक, एक मान्य नाव आणि त्याची पर्यायी रूपं. कागदपत्र इंडेक्समध्ये जाण्याआधी त्याच्या विषयाचा मजकूर साफ होतो, सारणीत शोधला जातो आणि इंडेक्समध्ये क्रमांक उतरतो. मोजणी क्रमांकांवर, दाखवणं नावांनी. उद्या एखाद्या विषयाचं मान्य नाव बदललं तर एकाही कागदपत्राला हात लावावा लागत नाही.

सारणी भरणं हे मात्र प्रोग्रामिंगचं काम नाही. 'पाणी व्यवस्थापन', 'जलव्यवस्थापन', 'जल व्यवस्थापन' हे एकच आहेत का? बहुधा हो. 'सिंचन' आणि 'पाटबंधारे'? इथे संग्रह सांभाळणाऱ्या ग्रंथपाल बाईंनी मला थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की जुन्या अहवालांत 'पाटबंधारे' हा बहुतेक वेळा खात्याचा विषय असतो, 'सिंचन' हा शेतीचा. दोन्ही एकत्र केले तर खात्याच्या कारभारावर अभ्यास करणाऱ्याचं नुकसान होईल. मी अक्षरसाम्य मोजून संभाव्य जोड्यांची यादी काढायचो, त्या एकेक जोडी बघून हो किंवा नाही म्हणायच्या. यंत्राने सुचवायचं आणि जाणत्या माणसाने ठरवायचं, ही विभागणी आम्ही शेवटपर्यंत पाळली.

त्यांच्याशी बोलतानाच फॅसेट या कल्पनेची मुळं माझ्यापर्यंत पोचली. गणिताचे प्राध्यापक असलेले आणि पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं. पुस्तकाला झाडाच्या एकाच फांदीवर टांगण्याऐवजी त्याचे स्वतंत्र पैलू वेगळे नोंदवायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे, ही त्यांची मांडणी. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल हे त्यांचे पाच मूलभूत वर्ग. आमच्या विषयाच्या रकान्यात हे सगळं एकत्र कोंबलेलं होतं: 'दुष्काळ', 'एकोणिसावं शतक', 'सर्वेक्षण अहवाल', 'नदीखोरे' हे सगळे 'विषय'. एका फॅसेटमध्ये विभागणीचं एकच तत्त्व हवं, हा नियम लावून आम्ही त्याचे चार रकाने केले: विषय, प्रदेश, कालखंड आणि कागदपत्राचा प्रकार. यादी लगेच वाचनीय झाली. वेग वाढवण्यासाठी केलेल्या कुठल्याही तांत्रिक युक्तीपेक्षा या विभागणीचा वाचकाला जास्त उपयोग झाला.

आता मोजणीकडे येतो. फॅसेटच्या अंमलबजावणीत सगळ्यात जास्त गैरसमज इथे असतात.

वाचकाने 'पूर' शोधलं आणि भाषेच्या फॅसेटमध्ये 'मराठी' निवडलं. हे फिल्टर मुख्य क्वेरीत घातलं की भाषेची यादी आकसून तिथे एकटं 'मराठी' उरतं. वाचकाला 'इंग्रजी'ही जोडायचं असेल तर तो पर्यायच नाहीसा झालेला असतो. त्यावर पोस्ट फिल्टर हा उपाय सांगितला जातो: फिल्टर मोजणी झाल्यानंतर लावायचं. त्याने भाषेची यादी पूर्ण दिसते, पण आता विषयाच्या यादीतले आकडे भाषेचं फिल्टर न लावता मोजलेले असतात. 'पूरनियंत्रण (९०)' वर टिचकी मारली की तीस कागदपत्रं येतात, कारण उरलेली साठ मराठी नाहीत.

बरोबर नियम असा: प्रत्येक फॅसेट मोजताना बाकीच्या सगळ्या फॅसेटची फिल्टरं लावायची, फक्त स्वतःचं लावायचं नाही. एका फॅसेटच्या आत निवडलेल्या पर्यायांमध्ये 'किंवा', दोन फॅसेटच्या दरम्यान 'आणि'. इलॅस्टिकसर्चमध्ये यासाठी प्रत्येक फॅसेटभोवती एक फिल्टर ॲग्रिगेशन गुंडाळायचं आणि त्यात इतरांची फिल्टरं भरायची. निकालासाठी सगळी फिल्टरं पोस्ट फिल्टरमध्ये. सोलरमध्ये हे फिल्टरला टॅग देऊन आणि फॅसेटमधून तो टॅग वगळून होतं, आणि खरं सांगायचं तर ती पद्धत मला जास्त सुबक वाटते. फॅसेट पाच असतील तर क्वेरी पाचपट लांब दिसते, पण फिल्टरं कॅशमध्ये राहत असल्याने वेळ पाचपट लागत नाही.

याला एक अपवाद आम्ही जाणीवपूर्वक ठेवला. विषय बहुमूल्य आहे, म्हणजे एका कागदपत्राला अनेक विषय. 'दुष्काळ' आणि 'स्थलांतर' दोन्ही निवडणाऱ्या अभ्यासकाला बहुधा दोन्ही असलेली कागदपत्रं हवी असतात. तिथे आतही 'आणि' ठेवलं, आणि मग त्या फॅसेटला स्वतःचं फिल्टरही लावून मोजावं लागतं. भाषेला 'किंवा', विषयाला 'आणि'. कोणत्या फॅसेटला काय, हे त्या रकान्याच्या स्वभावावरून ठरतं, सगळ्यांना एकच नियम बसत नाही. बहुमूल्य रकान्यात सगळ्या आकड्यांची बेरीज एकूण निकालापेक्षा जास्त भरते. हे बघून वापरणाऱ्यांना शंका येते, म्हणून यादीखाली तसं एका ओळीत लिहून टाकलं.

काही आकडे मात्र न बोलता चुकतात, आणि मला सर्वांत जास्त धास्ती त्यांचीच वाटते. इंडेक्स अनेक शार्डमध्ये, म्हणजे स्वतंत्र तुकड्यांमध्ये, विभागलेला असला की टर्म्स ॲग्रिगेशन प्रत्येक शार्डकडून त्याच्यापुरते वरचे काही पर्याय मागवतं आणि बेरीज करतं. दहा पर्याय हवे असतील तर मूळ सेटिंगनुसार प्रत्येक शार्डकडून पंचवीस मागवले जातात: दीडपट अधिक दहा. एखादा विषय एका शार्डवर वरच्या पंचविसात आणि दुसऱ्यावर सव्विसावा असेल, तर दुसऱ्या शार्डवरची त्याची कागदपत्रं बेरजेत येत नाहीत. उत्तरासोबत चुकीची कमाल मर्यादा सांगणारा आकडाही येतो, पण तो वाचण्याची तसदी फार थोडे घेतात. ७.० आवृत्तीपासून नवा इंडेक्स मूळ सेटिंगवर एकाच शार्डचा बनतो, आधी पाचांचा बनायचा. आमचा संग्रह एका शार्डमध्ये आरामात मावत होता, म्हणून एकच ठेवला आणि हा प्रश्न मुळातूनच मिटला. शार्ड जास्त म्हणजे वेग जास्त या समजुतीवर इंडेक्स विभागण्याआधी हा हिशेब करून बघावा.

दुसरा असाच आकडा एकूण निकालांचा. ७.० पासूनच इलॅस्टिकसर्च एकूण जुळण्या मूळ सेटिंगवर दहा हजारांपर्यंतच अचूक मोजतं आणि पुढे 'किमान दहा हजार' एवढंच सांगतं. फॅसेटचे आकडे मात्र पूर्ण असतात. त्यामुळे वर 'दहा हजार निकाल' आणि बाजूला 'मराठी (१२,४८०)' असं विचित्र दृश्य दिसू शकतं. एकूण मोजणी पूर्ण करण्याचा पर्याय चालू केला की जुळतं. त्याला थोडा वेळ जास्त लागतो आणि तो खर्च योग्य आहे.

लेखकाच्या रकान्यात जोडीचा प्रश्न निघाला. एका कागदपत्राला लेखक, अनुवादक, संपादक असे अनेक जण. नाव आणि भूमिका यांची यादी साध्या ऑब्जेक्ट प्रकारात ठेवली तर सगळी नावं एका रांगेत आणि सगळ्या भूमिका दुसऱ्या रांगेत जातात, कोणाची कोणती भूमिका हे हरवतं. नेस्टेड प्रकार (प्रत्येक जोडी आत वेगळी नोंद म्हणून ठेवणारा) घेतला की जोडी टिकते, पण मग मोजणी आतल्या नोंदींची होते. एकच व्यक्ती लेखकही आणि संपादकही असेल तर ती एका कागदपत्रासाठी दोनदा मोजली जाते. रिव्हर्स नेस्टेड ॲग्रिगेशनने मूळ कागदपत्रांवर परत येऊन मोजावं लागतं. आम्हाला भूमिका थोड्याच होत्या, म्हणून शेवटी प्रत्येक भूमिकेचा वेगळा सपाट रकाना केला. तो सोपाही आहे आणि वेगवानही.

हे सगळं तपासण्यासाठी एक चाचणी लिहिली, आणि ती मला आजही फार प्रिय आहे. ती काही नेहमीचे शोध घेते, प्रत्येक शोधात दिसणाऱ्या प्रत्येक फॅसेटच्या प्रत्येक पर्यायावर स्वतः टिचकी मारल्यासारखी नवी क्वेरी करते आणि यादीत दाखवलेला आकडा आलेल्या निकालांशी ताडून बघते. एकाने जरी फरक पडला तरी चाचणी नापास. पोस्ट फिल्टरचा गुंता, दहा हजारांची मर्यादा, नेस्टेडमधली दुहेरी मोजणी, हे सगळं याच चाचणीने पकडलं. मॅपिंग बदललं की नवा इंडेक्स बांधायचा, त्यात सगळा डेटा रीइंडेक्स करायचा, त्या इंडेक्सवर ही चाचणी चालवायची आणि ती पास झाली तरच एलियास (इंडेक्स ज्या टोपणनावाने वापरला जातो ते) जुन्यावरून नव्यावर फिरवायचा, असा शिरस्ता पडला. असलेल्या रकान्याचा प्रकार जागेवर बदलता येत नसल्याने एलियासची सोय पहिल्या दिवसापासून हवी.

पानाच्या बाजूची कामं त्या मानाने सरळ होती. निवडलेले सगळे पर्याय पानाच्या वेब पत्त्यात (यूआरएलमध्ये) राहावेत, म्हणजे शोध जसाच्या तसा दुसऱ्याला पाठवता येतो. भराभर टिचक्या मारल्या तर आधीच्या विनंतीचं उत्तर नंतर येऊन नव्या आकड्यांवर बसू नये, म्हणून जुनी विनंती रद्द करावी. प्रत्येक यादी फील्डसेट आणि लेजंड या एचटीएमएलच्या खुणांमध्ये, आणि बदललेली एकूण संख्या स्क्रीन रीडरला ऐकू जाईल अशी. शोधयंत्रांच्या बॉटना फॅसेटच्या दुव्यांपासून दूर ठेवावं लागतं: पाच फॅसेट, प्रत्येकात वीस पर्याय, आणि प्रत्येकातून फार तर एक निवडायचा म्हटलं तरी चाळीस लाखांहून अधिक पत्ते तयार होतात.

क्रम लावताना देवनागरी पुन्हा आडवी आली. आकड्यांनुसार उतरता क्रम ठीक, पण लेखकांची यादी अकारविल्हे हवी होती. संकेतांकांच्या क्रमाने लावली तर 'ळ' हा 'ल'च्या मागोमाग येतो, वर्णमालेत तो 'ह'नंतर आहे. आणि 'ॲ'ने सुरू होणारी नावं सगळ्या व्यंजनांच्याही मागे जाऊन पडतात. मराठीचे कोलेशन (वर्णक्रम) नियम लावून सारणीतच क्रम काढून ठेवला. यादी लांब असली की तिच्यात शोधायची छोटी चौकटही लागते, आणि ती इंडेक्सवर न चालवता त्याच सारणीवर चालवली. त्यामुळे 'जलव्यवस्थापन' टंकणाऱ्याला 'पाणी व्यवस्थापन' हे मान्य नाव सापडतं.

राहिला सारांशाचा लांबलचक मजकूर. तिथून आपोआप फॅसेट काढता येतील का, असं सगळ्यांच्या मनात होतं. सिग्निफिकंट टेक्स्ट नावाचं ॲग्रिगेशन त्यासाठीच आहे: या निकालांत नेहमीपेक्षा ठळकपणे जास्त दिसणारे शब्द ते काढून देतं, आणि त्याला फील्डडेटा लागत नाही. 'दुष्काळ' शोधल्यावर त्यातून 'चारा', 'छावणी', 'टँकर' असे शब्द वर आले तेव्हा आम्ही सगळे खूश झालो. पण तो निवडक नमुन्यावर केलेला अंदाज असतो, आणि त्याच्यापुढचा आकडा टिचकीनंतरच्या निकालांशी जुळेलच असं नाही. म्हणून ते शब्द आम्ही फॅसेटच्या रांगेत बसवले नाहीत. निकालांच्या खाली 'संबंधित शब्द' म्हणून, कंसाशिवाय आणि आकड्याशिवाय दाखवतो, आणि त्यातला एखादा पुन्हा पुन्हा निवडला जातो असं दिसलं की तो ग्रंथपाल बाईंच्या यादीत जातो. त्यांनी होकार दिला तर त्याला क्रमांक मिळतो, जुळणारी कागदपत्रं त्याच्याशी जोडली जातात, आणि पुढच्या रीइंडेक्सनंतर तो आकड्यासह विषयांच्या यादीत येतो.